चाळीस मिनिटं, पस्तावणार नाही

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लाझे गावात बातमी पसरली, की स्लावका काकूंनी अल्बिनकाकांना घराबाहेर काढलं. माणूस निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहायचं, भांड्यांवरची झाकणं उचलायची, घड्याळाकडे बघून ‘सूप आज सात मिनिटं उशिरा आहे’ म्हणायचं. असं कोण किती दिवस सहन करणार? शेवटी म्हणे काकूंनी एका हातात पाव दिला, दुसऱ्या हातात टोपी दिली आणि दाराला आतून कडी घातली. पुरावाही भक्कम होता. बेकरीवाल्या मिलेनाने त्यांना सकाळी सात वाजता जंगलाच्या वाटेने जाताना पाहिलं होतं, पाठीवर बिछाना होता.

बातमी खोटी. काकूंनी त्यांना काढलं नव्हतं. उलट डब्यात सॉसेज, राय धान्याचा पाव आणि पोतित्साचे, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड रोलचे, दोन जाड काप घालून दिले होते. आणि तो बिछाना नव्हता. बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर असते ना, लाकडी मण्यांची चटई, ती होती. निवृत्तीच्या दिवशी काकांनी ती सीटवरून सोडवली आणि गुंडाळून घरी आणली. चौतीस वर्षं जिच्यावर बसलो तिला मागे कसं सोडायचं, असं त्यांचं म्हणणं.

खरी गोष्ट घराबाहेर काढण्यापेक्षा वाईट होती. अल्बिनकाका डोंगर चढायला निघाले होते, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा.

आम्ही स्लोव्हेन लोक पोराला पाय फुटायच्या आत पाठीवर बांधून शिखरावर नेतो. लग्न ठरलं की डोंगर, लग्न मोडलं की डोंगर, आदल्या दिवशी जास्त झाली तर सकाळी घाम काढायला डोंगर. आमच्या दरीत एखादा माणूस चर्चला जात नाही म्हणाला तर लोक खांदे उडवतात. वर कधी गेलोच नाही म्हणाला तर खुर्ची थोडी लांब सरकवतात. आणि अल्बिन तोमाझिन या माणसाने ही गोष्ट चौतीस वर्षं सगळ्यांपासून लपवली होती. सगळ्यांपासून, असं निदान त्यांना वाटत होतं.

त्यांची बस खालच्या शहरातून निघायची आणि दरीच्या टोकापर्यंत यायची. वाटेत अकरा थांबे, आणि प्रत्येक थांब्यावरून कुठेतरी वाट चढते. कोझ्याक शिखर, व्रान्या स्काला, अस्वलाची गुहा, काळं तळं, लेनार्टचं देऊळ, शुमेट्स धबधबा वगैरे. उन्हाळ्यात पाहुण्यांनी बस भरून जायची आणि प्रत्येक पाहुणा उतरताना तोच प्रश्न विचारायचा: “लांब आहे का हो? जाण्यासारखं आहे का?” त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. ते आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे, पण बरोबर म्हणता येतं ते मला. हनुवटी गळ्यात रुतवायची, आवाज नाकात न्यायचा, समोरच्या रस्त्यावरची नजर हलवायची नाही, आणि शेवटचा शब्द गिअर बदलल्यासारखा खाली सोडायचा: “चाळीस मिनिटं. जाऊन या, पस्तावणार नाही.”

कोझ्याक? चाळीस मिनिटं. काळं तळं? चाळीस मिनिटं. एकदा एका माणसाने विचारलं होतं, शौचालय कुठे आहे. काकांनी सवयीने तेच सांगितलं.

तर मे महिन्याच्या शेवटी आमच्या डोंगर मंडळाची सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरली. मंडळाच्या अध्यक्ष यामनिकबाई, वय बहात्तर, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि अजूनही कुणाकडे बघितलं की त्याला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. त्यांनी सांगितलं, पाहुण्यांसाठी माहितीपत्रक छापायचं आहे. अकरा थांबे, अकरा वाटा आणि प्रत्येक वाटेला लागणारा वेळ.

“वेळा आम्ही सांगतो की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तुम्ही सगळे रानबकऱ्याच्या जातीचे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वेळा पाहुण्यांच्या काय कामाच्या? पाहुण्यांची चाल ज्याला कळते असा एकच माणूस आहे. अल्बिन, चौतीस वर्षं तूच त्यांना सांगतोयस. या उन्हाळ्यात एकदा पुन्हा चालून ये आणि नीट लिहून दे. खाली नाव तुझंच घालू. ‘वेळा: अल्बिन तोमाझिन.’ ऑगस्टच्या शेवटी छापायला जाईल.”

‘एकदा पुन्हा’ म्हणताना बाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. ते मला तेव्हा दिसलं, अर्थ नंतर कळला.

काका उठून उभे राहिले. छाती फुगली, टोपी काढली, परत घातली. “देतो,” म्हणाले. आणि नेमक्या त्याच वेळी मी शेजारच्या बाकावर हळू आवाजात म्हणाले, “चाळीस मिनिटं. जाऊन या, पस्तावणार नाही.” हळू म्हणजे मला वाटलं तेवढं हळू नव्हतं.

हॉल हसून मोकळा झाल्यावर यामनिकबाई म्हणाल्या, “ब्रिना, तुला एवढी त्यांची नक्कल येते, तर त्यांच्याबरोबरच जा. घड्याळ तुझ्याकडे, वही तुझ्याकडे. वेळ तू लिहायची.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पुलावर गाठलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुलाखाली बघितलं.

“व्रान्या स्कालाला तू गेली आहेस?”

“सहा वेळा.”

“वर काय आहे?”

“काय आहे म्हणजे? तुम्ही चौतीस वर्षं...”

“काय आहे ते सांग ना.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवार-रविवार बस जास्त भरायची म्हणून सुट्टी मिळायची नाही. सोमवारी पाय दुखायचे. मग वय झालं. मग इतकी वर्षं लोकांना जा म्हणून सांगितलं होतं की आपण कधी गेलो नाही हे सांगायची लाज वाटायला लागली. एकालाही ते कधी वर घेऊन गेले नव्हते, स्वतःलासुद्धा.

“मग चाळीस मिनिटं कुठून आणली?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिकीट न काढता बसले होते. “बस दीड तासाने येते की नाही? चाळीस वर जायला, दहा बघायला, चाळीस खाली यायला. झाली बस. यात कुठून आणायचं काय?”

“म्हणजे डोंगराचं अंतर तुम्ही बसच्या वेळापत्रकावरून काढलं?”

“डोंगर कुठे जातोय? जाणार ती बस.”

हे वाक्य मी नकलेसाठी पाठ करून ठेवलं.

“एक सांगतो,” ते म्हणाले. “त्या पत्रकावर माझं नाव येणार आहे. चौतीस वर्षं या दरीत मला लोक एकाच गोष्टीसाठी ओळखतात. बस वेळेवर आणि सांगितलेलं पक्कं. हा माणूस कधी वर गेलाच नाही हे कळलं, तर मी बेकरीत कुठल्या तोंडाने उभा राहू? म्हणून तू तोंड बंद ठेवायचंस.”

मी शब्द दिला. मग पहिल्याच सकाळी ते मला मागे सोडून निघून गेले.

निघायची वेळ सात पाच ठरली होती. मी सात सातला थांब्यावर पोहोचले, तेव्हा निळा ड्रायव्हरचा शर्ट आणि पाठीवरची मण्यांची चटई वरच्या वळणावर झाडीत शिरताना दिसली. मी हाक मारली. ते वळले नाहीत. धावत धावत गाठलं, तर म्हणाले, “उशिरा येणाऱ्यासाठी बस थांबत नाही. मागच्यांचा खोळंबा होतो.”

“मागे कोण आहे?”

“तत्त्व असतं.”

व्रान्या स्कालाची वाट बीच वृक्षांच्या झाडीतून सरळ वर जाते. काकांनी ती पहिल्या वीस मिनिटांतच थांब्यांमध्ये वाटून घेतली. मोठा दगड, थांबा. पडलेलं झाड, थांबा. प्रत्येक थांब्यावर चटई उलगडायची, तिच्यावर बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं, घड्याळ बघून उठायचं. चढ आला की ते ओठांनी गिअर बदलल्याचा आवाज काढायचे. आपण काढतोय हे त्यांना माहीत नव्हतं. चाळीसाव्या मिनिटाला आम्ही गाईंच्या कुंपणापाशी होतो, जिथून शिखर दिसतसुद्धा नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा घड्याळ पाहिलं. चूक घड्याळाची असावी अशी त्यांना मनापासून आशा होती.

आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही वर पोहोचलो. एक तास त्रेपन्न.

आमच्या प्रत्येक शिखरावर पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात वही, पेन आणि शिक्का. आलेल्याने नाव, तारीख आणि कुठून कुठे ते लिहायचं. मन झालं तर एखादी ओळ. काकांनी टोपी नीट केली, पेटी उघडली, वही मांडीवर घेतली आणि आधी कुणी काय लिहिलंय ते वाचायला लागले. सरकारी कागद न वाचता सही करायची नाही, अशी त्यांची शिस्त.

वाचता वाचता त्यांची मान लाल होत गेली. मी मागून डोकावले.

‘ड्रायव्हर म्हणाला चाळीस मिनिटं. एक तास पन्नास. ड्रायव्हर बहुतेक रानबकरा आहे.’

‘बस चुकली. पुढची पण चुकली. देखावा छान.’

‘बाबा म्हणतात खाली गेल्यावर ड्रायव्हरला बघतो.’ हे लहान मुलाच्या अक्षरात होतं, आणि खाली बसचं चित्र. बसला शिंगं होती.

मग एका नीटस, तिरक्या, फळ्यावर असतं तशा अक्षरातली ओळ: ‘ओटिलिया व्हेसेल, प्तुय. या वाटेवर पाचवं वर्ष. दोन तास पाच. अजून चाळीस नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करेन.’

काकांनी वही मिटली. दरीकडे पाहिलं. खाली त्यांचा रस्ता दोऱ्यासारखा पडला होता आणि त्यावर नव्या ड्रायव्हरची बस चालली होती. “दोन मिनिटं उशिरा आहे,” एवढंच म्हणाले. मग वही पुन्हा उघडून लिहिलं: ‘आगमन ८.५८. प्रयाण ९.१५. प्रवासी दोन. अ. तोमाझिन.’ शिक्का उमटवताना तो इतका जोरात दाबला की मागच्या चार पानांवर व्रान्या स्काला उमटलं.

पुढचे तीन डोंगर असेच गेले. काळं तळं, एक तास पस्तीस. कोझ्याकला दोन तास वीस, आणि तिथे वहीत एका माणसाने चाळीस मिनिटांवर अख्खं पान लिहिलं होतं, जे मी इथे लिहू शकत नाही, आईसुद्धा वाचेल. सगळीकडे ओटिलिया व्हेसेल, प्तुय. कुठे सहावं वर्ष, कुठे आठवं. काकांनी एक विचित्र गोष्ट सुरू केली. त्या ओळींच्या बाजूला, समासात, बारीक अक्षरात उत्तरं लिहायला लागले. ‘तक्रार पोहोचली. प्रत्यक्ष वेळ २.२०. अ. तो.’ बसला शिंगं काढणाऱ्या मुलालाही व्रान्या स्कालाला पुन्हा जाऊन उत्तर लिहून आले. तो मुलगा ते वाचायला परत येईल की नाही, कुणास ठाऊक.

चौथ्या डोंगरावरून उतरताना ते मध्येच थांबले. थांबा नसताना थांबले, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

“ब्रिना, या वह्या भरल्या की कुठे जातात?”

“मंडळाच्या कपाटात. यामनिकबाई घेऊन जातात.”

“वाचतात?”

“हिवाळ्यात दुसरं काय करतात त्या?”

त्या संध्याकाळी ते थेट बाईंच्या दारात. मीही मागे गेले, कारण वही माझ्याकडे होती आणि हे चुकवणं पाप झालं असतं. बाई अंगणात कोबीला पाणी घालत होत्या.

“तुम्हाला माहीत होतं,” काका म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“की मी कधी वर गेलो नाही.”

“अल्बिन, कपाटभर वह्यांत तुझं नाव शेकडो वेळा आहे, आणि तुझ्या हाताने एकदाही लिहिलेलं नाही. मी भूगोल शिकवायचे, आंधळी नव्हते.”

“आणि गावाला?”

“गावाला मंडळाच्या नाताळच्या जेवणात, मुलं झोपायला गेली की, मी दरवर्षी निवडक उतारे वाचून दाखवते. तू त्या दिवशी ड्यूटीवर असायचास.”

काका कोबीच्या वाफ्याच्या कडेवर बसले. चटई न टाकता बसले.

“मग मला सांगितलं का नाहीत? चौतीस वर्षं माणूस खोटं बोलतोय आणि तुम्ही जेवणात...”

बाईंनी झारी खाली ठेवली. “मी त्या वाटांवर खऱ्या वेळांच्या पाट्या लावल्या होत्या, तू नोकरीला लागण्याआधी. दोन तास वीस वाचून लोक पाटीजवळच डबा खायचे आणि परत जायचे. वर वर्षाला एक वही भरायची नाही. तू चाळीस म्हणायला लागलास आणि मला वह्या पुरेनात. पाट्या मीच काढून टाकल्या. तुझं खोटं आमच्या खऱ्यापेक्षा जास्त चाललं.” मग झारी पुन्हा उचलून म्हणाल्या, “पण आता तू गाडीवर नाहीस. नवा पोरगा काहीच सांगत नाही, कानात वायर घालून बसतो. म्हणून पत्रक. आणि छापायचं ते खरं छापायला हवं. तुला नसेल जमत तर सांग, नाव काढते.”

“नाव राहू दे,” काका म्हणाले आणि उठले.

परत येताना पुलावर आल्यावर म्हणाले, “अकरा जागा. चौतीस वर्षं. हजारो माणसं. एक तरी जागा चाळीस मिनिटांवर असेल की नाही? निदान एकदा तरी मी खरं बोललो असेन की नाही?”

खरं सांगते, त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून संधी सोडायची असं माझं नसतं.

“एकही नाही,” मी म्हणाले. “पैज.”

“काय लावतेस?”

“तुम्ही हरलात, तर या नाताळच्या जेवणात उतारे तुम्ही वाचायचे. बसच्या आवाजात.”

“आणि तू हरलीस तर सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत माझी नक्कल तोंडातून काढायची नाही.”

सेंट मार्टिन म्हणजे अकरा नोव्हेंबर. नवी वाईन, बदक, आणि सगळं गाव एका हॉलमध्ये. सप्टेंबर-ऑक्टोबर अख्खा, शाळेच्या बससकट. पण हरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी हात दिला.

मग जुलै गेला. अस्वलाची गुहा एक तास दहा. लेनार्टचं देऊळ पंचावन्न. पंचावन्न ऐकून मला जरा खाज सुटल्यासारखं झालं, कारण देवळाला मला स्वतःला पन्नास लागतात. मी लक्षात घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही, ते असं: चटईचे थांबे कमी होत होते. आधी मोठ्या दगडापाशी, मग दर दुसऱ्या दगडापाशी, मग फक्त डबा खायला. पोटावरचं निळ्या शर्टाचं बटण, जे जूनमध्ये श्वास रोखून बसलेलं असायचं, ते आता निवांत होतं. स्लावका काकू बेकरीत सांगत होत्या, आता ते सुपाची वेळ बघत नाहीत, दुसऱ्यांदा वाढून मागतात. मी मात्र आकडे लिहीत राहिले आणि मनात नाताळचे उतारे निवडत राहिले.

शेवटी एकच जागा उरली. शुमेट्स धबधबा. काकांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, सोमवारी पत्रक छापायला जायचं.

आदल्या संध्याकाळी वादळ होऊन गेलं होतं आणि वाट धुतलेली होती. मी नऊ वाजून आठ मिनिटांनीच हजर झाले. मी शिकले होते. काकांनी चटई घरी ठेवली होती. त्यांची पाठ तिच्याशिवाय कुणा दुसऱ्याचीच वाटत होती.

“पळायचं नाही,” मी म्हणाले.

“बस पळते का?”

नऊ दहाला निघालो. ओढ्याच्या कडेने वाट जाते, लाकडी पुलावरून पलीकडे, मग खडकात कोरलेल्या अरुंद कडेवरून, एका बाजूला तारेचा आधार, दुसऱ्या बाजूला पाणी. काका एका लयीत चालले होते, ना कमी ना जास्त, आणि गिअरचा आवाज काढत नव्हते. पुलावर चौदा मिनिटं. मला धाप लागली होती म्हणून टोमणा सुचला नाही. कडेच्या तोंडाशी एकतीस. मी घड्याळाकडे पाहिलं. उरली होती ती वाट नऊ मिनिटांत आरामात संपते.

आणि समोर, कडेवर, एक आजी. पांढरे आखूड केस, दोन काठ्या, पाठीवर कापडी पिशवी. एक काठी टेकायची, एक पाऊल, दुसरी काठी, दुसरं पाऊल. पुढे जायला जागाच नव्हती. म्हणजे होती, तिला तारेला चिकटवून, खांद्याला खांदा घासून. मी पुढे असते तर ‘माफ करा हं’ म्हणून निसटले असते.

काका तिच्या मागे चालायला लागले. तिच्या पावलाने.

“काका,” मी कुजबुजले, “चौतीस मिनिटं.”

“अरुंद रस्त्यावर पुढची गाडी ओलांडायची नाही.”

“छत्तीस.”

“ब्रिना, हॉर्न वाजवू नकोस.”

आजीने ऐकलं असावं. कड जिथे जरा रुंद होते तिथे ती बाजूला झाली आणि म्हणाली, “जा पुढे, तुम्हाला घाई दिसतेय.” काकांनी टोपीला हात लावला. आणि मग ते गेले. पळाले नाहीत, मी साक्षीदार आहे. पण चौतीस वर्षं वेळेवर पोहोचलेला माणूस उशीर झाल्यावर सपाट रस्त्यावर गाडी कशी सोडतो ते मला त्या दिवशी कळलं. मी मागून पळत होते. पाण्याचा आवाज वाढला, तुषार तोंडावर आले आणि काकांनी पत्र्याच्या पेटीवर तळहात ठेवला.

मी घड्याळ पाहिलं. “चाळीस मिनिटं पन्नास सेकंद,” मी म्हणाले, आणि दम घेत पुन्हा म्हणाले, “म्हणजे एक्केचाळीस. तुम्ही हरलात.”

“चाळीस.”

“पन्नास सेकंद वर आहेत.”

“वेळापत्रकात सेकंद नसतात. नऊ दहाची बस नऊ दहा पन्नासला सुटली तरी ती नऊ दहाचीच बस असते. विचार कुठल्याही ड्रायव्हरला.”

“मी गणिताच्या माणसाला विचारेन.”

त्यांनी ऐकलं नाही. ते वही काढून लिहीत होते, सावकाश, जीभ ओठांत धरून: ‘निर्गमन ९.१०. आगमन ९.५०. चाळीस मिनिटं. अ. तोमाझिन, ड्रायव्हर.’ मग प्रथमच त्यांनी मान वर करून धबधबा पाहिला. वादळानंतर तो चांगला भरला होता. ते बघत उभे राहिले, चष्म्यावर पाणी जमेपर्यंत, आणि चष्मा पुसायला त्यांनी काढला नाही.

तेवढ्यात काठ्यांचा आवाज आला. आजी पोहोचली. पिशवी ठेवली, वही मागितली आणि नाकावर चष्मा सरकवून आपली वेळ लिहिली. मी अक्षर पाहिलं. नीटस, तिरकं, फळ्यावरचं. ‘ओटिलिया व्हेसेल, प्तुय. अकरावं वर्ष. एक तास बारा.’ लिहिताना तिचं बोट वरच्या ओळीवर थांबलं. तिने ती ओळ वाचली. मग काकांकडे पाहिलं, शर्टापासून टोपीपर्यंत.

“तो तुम्ही?”

काकांनी टोपी काढली. “मी,” म्हणाले. शाळेत उभं केल्यासारखे.

“मला वाटायचं तुम्ही थाप मारता.”

“मारायचो.”

“आणि हे?” तिने ओळीवर बोट ठेवलं.

“हे आजचं.”

मी मध्ये पडले. पैज होती. “बाई, चाळीस मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. तुम्हीच सांगा, ते किती होतात?”

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. “मी अडतीस वर्षं गणित शिकवलंय.”

मी काकांकडे विजयाने पाहिलं.

“पण मुली,” ती म्हणाली, “कडेवर तीन-चार मिनिटं तुम्ही माझ्या मागे होतात. ती माझी मिनिटं. ती यांच्या हिशेबात कशी धरतेस? मी त्या आकड्याच्या मागे अकरा उन्हाळे चालतेय. एका माणसाला तरी तो जमतो हे मला आज कळलं. तू आता त्यातून सेकंद काढत बसू नकोस.”

झालं. मी वहीत लिहिलं: शुमेट्स, चाळीस.

उतरताना ती दोघं पुढे, मी मागे. काकांनी तिची कापडी पिशवी घेतली होती आणि पोतित्साचा दुसरा काप तिला दिला होता. ती विचारत होती, काळ्या तळ्याला खरंच किती लागतात. काका म्हणाले, “एक तास पस्तीस. पण जाऊन या, पस्तावणार नाही. आता मी बघून आलोय.”

पत्रक छापून आलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: ‘वेळा: अल्बिन तोमाझिन. शुमेट्सची वेळ ड्रायव्हरची. इतरांनी दुप्पट धरावी.’ ही दुसरी ओळ यामनिकबाईंची. ती काकांना मान्य नाही आणि त्यावर सप्टेंबरभर बेकरीत वाद चालला. शुमेट्सच्या वहीत आता नवीन नोंदी येताहेत. ‘चाळीस? कुणाची चाळीस?’ अशी एक मी स्वतः वाचली.

आणि मी हरले. सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत अल्बिनकाकांची नक्कल माझ्या तोंडातून निघणार नाही, असा शब्द आहे, आणि मी तो पाळतेय, शाळेच्या बसमध्ये सगळे माझ्याकडे बघतात तेव्हासुद्धा. काका रोज सकाळी थांब्यावर येऊन तपासतात. आज सव्वीस ऑक्टोबर. अजून सोळा दिवस आहेत. पण पैज तोंडाची होती. लिहिण्याबद्दल त्या दिवशी पुलावर कुणी काही बोललं नव्हतं.